राजाची पोच

भानुदास गजभिये यांनी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा, त्याच्यावर नंबर पडायचा, तारखेचा शिक्का बसायचा, आणि मगच तो साहेबांपुढे जायच्या लायकीचा व्हायचा. साहेब बदलले, मंत्री बदलले, छताचे पंखेसुद्धा बदलले, भानुदासजींचं मत मात्र बदललं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्या कागदाची पोच नाही तो कागद लिहिलाच गेला नाही. पोच म्हणजे आपल्याकडच्या प्रतीवर समोरच्याने 'मिळाला' म्हणून केलेली सही, नाव आणि तारखेसकट. मुलाच्या लग्नाच्या पत्रिका वाटतानाही त्यांनी पोच घेतली होती. पुढे दोन चुलतभाऊ 'आम्हाला बोलावणंच नव्हतं' म्हणून रुसून बसले, तेव्हा त्यांनी त्या सह्या काढून दाखवल्या. चुलतभाऊ कायमचे तुटले, पण रेकॉर्ड स्वच्छ राहिलं.

त्यांचा मुलगा रवी शिकायला म्हणून अमेरिकेत गेला, हर्नडन नावाच्या गावातल्या एका कंपनीत लागला, सिटिझन झाला आणि २००६ साली त्याने आईवडिलांना ग्रीन कार्डावर कायमचं आपल्याकडे आणलं. घर हर्नडनपासून वीस मिनिटांवर, फेअरब्रुक नावाच्या छोट्या गावात. रवी आणि सून मोनाली सकाळी साडेसातला आपापल्या गाड्या घेऊन निघून जायचे, आणि मागे उरायचे भानुदासजी, जाईबाई आणि पोस्टाची पेटी. त्या पेटीने भानुदासजींना नवं आयुष्य दिलं. त्यांनी शंभर पानी वही आणून तिच्यावर रकाने आखले, तारखेचा शिक्का विकत घेतला आणि घरी येणारा प्रत्येक कागद आवक करायला सुरुवात केली. पिझ्झाची कूपनं, गटारं साफ करणाऱ्यांची पत्रकं, दातांच्या डॉक्टरची आठवण. क्रेडिट कार्डवाल्यांचं 'तुमची निवड झाली आहे' असं पत्र आलं की शेऱ्याच्या रकान्यात ते 'निर्णय प्रलंबित' असं लिहायचे. दोन वर्षांत असे दोनशे अकरा निर्णय प्रलंबित होते.

जाईबाईंचं तसं नव्हतं. त्या चौथी शिकलेल्या. पाठच्या तीन भावंडांना सांभाळायला म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. मराठी वाचता यायचं, सही करता यायची, इंग्रजीचा मात्र गंध नव्हता. अमेरिकेतलं पहिलं वर्ष त्यांनी खिडकीशी बसून काढलं. मग कुणीतरी मोनालीला सांगितलं, की गावच्या लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग असतो आणि न्यायला-आणायला गावाची निळी व्हॅन येते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी पावणेदहाला.

त्या व्हॅनने जाईबाई बदलल्या. एक कोरियन आजी आणि एक एल साल्वादोरची आजी त्यांच्या मैत्रिणी झाल्या. तिघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे तिघींना इंग्रजी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बासष्टाव्या वर्षी जाईबाई गृहपाठ करू लागल्या. डायनिंग टेबलावर जीभ दातांत धरून त्या अक्षरं काढत आणि भानुदासजी समोर बसून कूपनांवर शिक्के मारत. कधी कधी त्यांचा हात थांबायचा. आपल्या घरात बाबासाहेबांची तसबीर कायम समोर होती, आणि चौतीस वर्षं जगाचे कागद वाचणाऱ्या आपल्याला बायकोला शेजारी बसवून चार अक्षरं शिकवणं सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटायची. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

२००८ च्या एप्रिलात पत्र आलं. आवक क्रमांक आठशे सत्तावीस. घरांचे भाव पडल्यामुळे गावाचं उत्पन्न घटलं आहे, सबब खर्चात कपात करण्यात येत असून ज्येष्ठांची व्हॅन एक जुलैपासून बंद होईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"सहकार्य केलं कोणी?" भानुदासजी म्हणाले.

जाईबाईंनी वही मिटली आणि भाजी चिरायला घेतली.

भानुदासजींनी अर्ज लिहिला आणि टाउन हॉलमध्ये नेऊन दिला. काउंटरवरच्या मुलीने तो गोड हसून घेतला आणि एका ट्रेमध्ये टाकला. त्यांनी दुसरी प्रत पुढे करून सही मागितली, तर ती म्हणाली, आमच्याकडे अशी पद्धत नाही, हॅव अ नाइस डे. असे चार अर्ज गेले आणि चार वेळा त्यांचा दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त झाली. शेवटी रवी म्हणाला, "बाबा, इथे पब्लिक हिअरिंग असतं. तिथे जाऊन बोला. तीन मिनिटं मिळतात."

भानुदासजी कोट घालून गेले. समोर महापौरबाई, सहा सदस्य आणि टाउन मॅनेजर, ज्याला ते आपल्याकडच्या नगरपालिकेतल्यासारखं मनातल्या मनात सीओसाहेब म्हणत. बोलणाऱ्यापुढे छोटे तीन दिवे: हिरवा, पिवळा, तांबडा. भानुदासजींनी कागद उघडला आणि आदरणीय महापौर महोदया, सन्माननीय सदस्यगण, टाउन मॅनेजरसाहेब व उपस्थित समस्त अधिकारी-कर्मचारीवृंद, असं सगळ्यांना इंग्रजीत, कुणाचा मान न चुकवता, सावकाश वंदन केलं. ते संपेपर्यंत पिवळा लागला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की', इथे तांबडा लागला. महापौरबाईंनी मनापासून आभार मानले. भानुदासजी कागदाची घडी करून रवीशेजारी येऊन बसले.

त्याच सभेत पुढचा विषय होता राजाचा. युरोपात एक देश आहे, नकाशावर बोट ठेवलं तर पूर्ण झाकला जाईल एवढा. फेअरब्रुक गाव वसवणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी त्या देशातून आला होता. आता तिथल्या राजाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली आणि त्यानिमित्त तो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता. जूनमध्ये दोन दिवस फेअरब्रुकला येणार होता. व्हॅनला पैसे नसलेल्या सभेने राजासाठी एका आवाजात मंजुरी दिली. पेनसिल्व्हेनियातून सहा पांढरे घोडे आणि बग्गी, रात्रीची आतषबाजी, लाल गालिचा, पोलिसांचा ओव्हरटाइम. राजासाठी खास भाड्याने आणायचं फिरतं संडासघर होतं, त्यात संगमरवरी बेसिन. लायब्ररीत चार चांगले संडास असताना हे कशाला, असं एका सदस्याने विचारलं, तर ते लोकांसाठी आहेत, असं उत्तर मिळालं. एकूण खर्चात निळी व्हॅन साडेतीन वर्षं चालली असती. हे गणित भानुदासजींनी तिथल्या तिथे कागदाच्या मागे केलं.

मे महिन्यात राजा जाणार तेवढाच रस्ता नवा झाला. दुतर्फा कुंड्या आल्या. वठलेल्या हिरवळीवर तयार गवताच्या गुंडाळ्या पसरल्या. एक दिवस भानुदासजीही व्हॅनमध्ये सोबत होते, तेव्हा जाईबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "बाप्पा, हे तर आपल्या मंत्र्यासारखंच झालं." भानुदासजींना एकदम घरच्यासारखं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच या देशातली एखादी गोष्ट त्यांना पूर्ण समजली होती. आणि मंत्री आला की काय करायचं, हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं. निवेदन द्यायचं.

घरी येऊन त्यांनी कागद काढला. विषय: ज्येष्ठ नागरिकांची व्हॅन बंद न करणेबाबत. अर्जदार म्हणून नाव जाईबाईंचं, कारण बाधित व्यक्ती त्या होत्या, आणि बाधिताच्या नावानेच अर्ज द्यायचा असतो. शेवटी 'प्रत माहितीसाठी: टाउन मॅनेजर, फेअरब्रुक' अशी ओळ. मोनालीने ते कम्प्युटरवर टाइप करून दिलं आणि म्हणाली, "बाबा, घोड्यांच्या खर्चाचं वाक्य काढू का? थोडं रूड वाटतंय."

"घोड्यांचं राहू दे. संडासाचं काढ."

"पण राजाच्या हाती काय आहे जी?" जाईबाईंनी विचारलं. "तो तिकडला. व्हॅन इकडली."

"त्याच्या हाती काहीच नाही," भानुदासजी म्हणाले. "पण राजाने ज्या कागदाला हात लावला, तो कागद कोणी फेकत नाही."

रवीला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "बाबा, प्लीज. तिथे सिक्युरिटी असणार. खिशातून कागद काढलात तर जमिनीवर पाडतील तुम्हाला. हे नागपूर नाही."

"खिशातून नाही काढणार. फोल्डरमधून काढीन."

सोय आपोआप झाली. राजाच्या वाटेवर दोरीमागे निरनिराळ्या देशांचे ज्येष्ठ नागरिक आपापल्या पोशाखात उभे करायचं गावाने ठरवलं, म्हणजे फोटो छान येतात. त्यांना आणायला निळी व्हॅनच होती. बंद व्हायला बारा दिवस उरलेल्या त्या व्हॅनला दोन्ही बाजूंनी राजाच्या रंगांच्या झालरी लावल्या होत्या. व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी जाईबाईंना 'काहीतरी कलरफुल' नेसायला सांगितलं होतं. जाईबाई आपली पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या. विशेष दिवसाला त्या तीच नेसत, आणि राजापायी ती पद्धत मोडायचं त्यांना कारण दिसलं नाही.

राजा साठीचा, उंच, जरा वाकलेला. चेहऱ्यावर हसू होतं पण ते सकाळपासून तिथेच ठेवल्यासारखं. घोड्यांनी वाटेत नव्या गवताचा बराच भाग खाल्ला होता, त्यामुळे मिरवणूक उशिरा पोचली. राजा दोरीच्या कडेने हात मिळवत आला. कोरियन आजींनी पंखा दिला, साल्वादोरच्या आजींनी फुलं दिली. जाईबाईंनी पाकीट दिलं. राजाने ते घेतलं, थँक्यू म्हणाला आणि पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात जाईबाईंच्या खांद्यावरून एक पॅड पुढे आलं. पॅडला दुसरी प्रत लावलेली, पॅडला दोऱ्याने पेन बांधलेलं.

"सर, काइंडली अ‍ॅकनॉलेज," भानुदासजी म्हणाले.

काळ्या चष्म्याचे दोन जण झपकन पुढे आले. टाउन मॅनेजर पांढराफटक पडला. रवी सुट्टी काढून मागे उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. पण राजाचं सगळं आयुष्य सह्या करण्यात गेलेलं. कुणी पेन पुढे केलं की त्याचा हात आपोआप उठत असे. त्याने पेन घेतलं आणि विचारलं, "कुठे?"

"इथे, सर. नाव आणि तारीख."

राजाने नाव लिहिलं, तारीख लिहिली.

"पदनाम पण, सर."

राजा क्षणभर थांबला. मग त्याने नावाखाली स्वच्छ अक्षरात 'राजा' असं लिहिलं, आणि सकाळपासून ठेवलेलं हसू जाऊन त्या जागी खरंखुरं हसू आलं.

"आवक नंबर?" भानुदासजींनी विचारलं.

हे राजाला उमगलं नाही. त्याने मागे बघितलं. मागे त्याचा सचिव होता, टक्कल पडलेला, काखेत चामड्याची डायरी. सचिवाने पॅड घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, विषय वाचला, 'प्रत माहितीसाठी' वाचलं. मग एका शब्दानेही न विचारता डायरी उघडून नोंद केली, आणि राजाच्या सहीशेजारी एक नंबर घातला. पॅड परत करताना त्याने भानुदासजींकडे बघून मान किंचित लववली. भानुदासजींनीही लववली. जगाच्या दोन टोकांचे दोन आवक कारकून एकमेकांना ओळखून होते.

गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला. रवीने तो अंक दोन दिवस कपाटात लपवून ठेवला, मग ऑफिसातल्या लोकांनी फोटो मागितला तेव्हा बाहेर काढला. पण एक जुलैला व्हॅन बंद झाली ती झालीच.

सोमवारी पावणेदहाला जाईबाई सवयीने दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि परत आत आल्या. बुधवारीही तसंच. शुक्रवारी त्या भानुदासजी आंघोळीला गेलेले बघून छत्री आणि वही घेऊन चालत निघाल्या. लायब्ररी अडीच मैलांवर. फूटपाथ अर्ध्या मैलावर संपला, पुढे सहा पदरी रस्ता, आणि कडेच्या गवतातून पांढऱ्या केसांची बाई छत्री धरून चाललेली. कुणीतरी फोन केला. पोलिसाने अदबीने गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं. शेजारची माणसं दारात येऊन बघत होती.

"मी काय चोर आहे का जी?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणापुढे न हललेले भानुदासजी रडले. जाईबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

जुलै संपता संपता पत्र आलं. जाड पाकीट, कोपऱ्यात सोनेरी मुकुट. भानुदासजी कात्री घेऊन धावले.

"नाव कोणाचं आहे?" जाईबाईंनी विचारलं.

भानुदासजींनी बघितलं. "तुझं."

"मग द्या इकडे."

त्यांनी स्वतः पाकीट फोडलं. शब्दाखाली बोट ठेवून वाचायला बसल्या. पाऊण तास लागला. एका शब्दासाठी मोनालीला ऑफिसात फोन केला. भानुदासजी समोर बसून होते. कागद समोर असून न वाचता बसण्याची त्यांची जन्मात पहिलीच वेळ होती. शेवटी जाईबाईंनी मान वर केली आणि सांगितलं, "राजा म्हणतो, तुमच्या गावच्या व्हॅनवर माझी सत्ता नाही. आणि माझ्या गावच्या व्हॅनवरही नाही. त्याचं त्याला वाईट वाटते. पण तो म्हणतो, माझ्यावर इतका खर्च झाला हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि व्हॅन सुरू झाली की नाही ते मला कळवा. खाली लिहिलं, कॉपी टाउन मॅनेजरला."

भानुदासजींनी डोळे मिटून त्या टकल्या सचिवाला मनातून जयभीम केला. नंबर पडलेल्या कागदाला त्याने उत्तर दिलं होतं, आणि प्रतही चुकवली नव्हती.

ती प्रत टाउन हॉलमध्ये पोचली त्याच आठवड्यात राजाचं दुसरंही पत्र तिथे आलं होतं. दोन्ही गावांचं नातं जोडण्यासाठी ऑक्टोबरात फेअरब्रुकच्या सदस्यांनी राजधानीत पाहुणे म्हणून यावं. तिकिटं अर्थातच ज्यांची त्यांनी काढायची होती, आणि आठ जणांच्या तिकिटांची तरतूद कपातीच्या वर्षातही निघाली होती. आता तिथे जाऊन राजासमोर जेवायला बसायचं आणि त्याने सूप पिता पिता व्हॅनचं विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न उभा राहिला. चार दिवसांनी टाउन मॅनेजरने रवीला ऑफिसात फोन केला. व्हॅन अठरा ऑगस्टपासून प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा चालू होईल. दौऱ्याला आठऐवजी चारच जण जातील. फोन ठेवायच्या आधी त्याने जरा घुटमळत विचारलं, "तुमच्या वडिलांचा आणखी कुणाला लिहायचा विचार आहे का?"

"मी त्यांना विचारून सांगतो," रवी म्हणाला, आणि त्या संध्याकाळी त्याने घरी येताना पेढे आणले. हर्नडनला मिळणारे पेढे दगडासारखे असतात, पण सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले.

अठरा तारखेला व्हॅन आली. जाईबाई वर्गाहून घरी परतल्यावर भानुदासजींनी उत्साहाने कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "चल, राजाला कळवून टाकू. संदर्भ, आपले दिनांक अमुकचे पत्र..."

"तुम्ही राहू द्या," जाईबाई म्हणाल्या. "त्याने मला विचारलं."

तीन दिवस त्या लिहीत होत्या. सहा कागद फुकट गेले. सातवा त्यांनी भानुदासजींपुढे ठेवला, पाकिटात घालायला म्हणून. त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता, वंदनही नव्हतं. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एवढंच होतं: 'राजासाहेब, व्हॅन आली. मी पुढच्या सीटवर बसते. तिथून रस्ता दिसतो. पहिलं पत्र माझ्या नवऱ्याने लिहिलं होतं, मी फक्त सही केली. हे मी लिहिलं.'

भानुदासजींनी ते दोनदा वाचलं. अक्षरं त्यांना नीट दिसेनात, म्हणून चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. पाच वाक्यांत चार चुका होत्या. त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"काही चुकलं का जी?" जाईबाईंनी विचारलं.

"नाही," भानुदासजी म्हणाले, आणि त्यांनी पाकीट चिकटवलं.